सरांचं वजन वहीत आहे

परवा मला चारचौघांत बूट काढायला लावून वजनकाट्यावर उभं केलं गेलं. दवाखान्यात नव्हे, जिममध्ये नव्हे, विमानाच्या पंखाखाली. आई शेजारी माझे बूट हातात धरून उभी होती. हे शेवटचं जास्त लागलं.

आई आणि मी एकाच वेळी विमान चालवायला शिकतोय. कल्पना तिची. विमान 1946 सालचं, पायपर कब, पिवळंधमक, वयाने आईलाही वडील. बॅटरी नाही, स्टार्टर नाही. पुढे उभं राहून कुणीतरी हाताने प्रोपेलर फिरवतो तेव्हा मॅग्नेटो ठिणगी पाडतो. इंजिन 65 अश्वशक्तीचं. त्यामुळे विमानाचं स्वतःचं धरून एकूण वजन 553 किलोंच्या वर जाता कामा नये, आणि इथेच हँगरच्या दारातले आजोबा आमच्या आयुष्यात येतात.

आजोबांना हुद्दा नाही. विमानात बसलेले मी त्यांना कधी पाहिलेले नाहीत. पण त्यांच्याकडे वही आहे, आणि मैदानावर वहीवाल्याच्या पुढे कुणाचं काही चालत नाही.

"या साहेब, चढा," ते म्हणाले. काटा थरथरला. "त्र्याऐंशी!" हे मला नव्हे, धावपट्टीला उद्देशून.

"बुटांसकट आहे," मी म्हणालो.

"मग काढा."

बूट काढले. जाकीट काढलं. मोबाईल, पाकीट, किल्ल्या, सगळं आईच्या हवाली केलं.

"एक्याऐंशी. किल्ल्यांनी काही होत नसतं हो, साहेब." मग पेन्सिल जिभेला लावून मोठ्याने हिशोब. "पाचशे त्रेपन्नातून विमान गेलं साडेतीनशे. राहिले दोनशे तीन. टाकी भरलेली आहे, पंचेचाळीस लिटर, म्हणजे तेहतीस किलो गेले. ऑइलचे चार. राहिले एकशे सहासष्ट. सर अठ्ठ्याऐंशी. राहिले अठ्ठ्याहत्तर." मला वरून खाली न्याहाळलं. "आणि तुम्ही हे असे."

"तीन किलोंनी काय बिघडतं?"

"मलाही तसंच वाटायचं. मग वही हातात आली."

आता सरांविषयी. सर आमचे प्रशिक्षक. माणूस लाख, पण 88 किलो त्यांच्या नुसत्या वरच्या अर्ध्याचं भरेल. त्या क्षणी ते पंखाची दोरी धरून उभे होते आणि दोरी त्यांना धरून होती.

"एकदा सरांनाही घ्या ना काट्यावर," मी म्हणालो.

आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "सरांचं वजन वहीत आहे."

"कधीचं?"

"वहीतलं."

"अहो, पण तारीख?"

"वजनाला तारीख कशाला? वाढदिवस आहे का त्याचा?"

सर हसले. आई हसली. विमानाच्या शेपटाशी फडकं मारणारा मुलगाही हसला. मला मात्र यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, अजूनही दिसत नाही. विमान वही वाचत नाही. त्याला खरोखर जे किलो आत बसतात तेवढेच कळतात. वजन जास्त तर धावपट्टी जास्त लागते, चढ कमी मिळतो, उन्हाने हवा विरळ झाली की आणखी कमी. हे मला सरांनीच शिकवलंय, पहिल्याच धड्यात, फळ्यावर चित्र काढून.

शेवटी तोडगा निघाला तो माझ्या टाकीतून पेट्रोल काढण्याचा. कबची टाकी इंजिन आणि बैठकीच्या मध्ये असते. तिच्या झाकणातून एक तार वर आलेली असते, खाली बूच. पेट्रोल संपत जाईल तशी तार खाली जाते. हेच इंधनमापक. दहा लिटर काढले आणि तार माझ्या डोळ्यांदेखत खचली. आईच्या वेळी टाकी काठोकाठ होती, कारण आई 54. तिला तर आजोबा म्हणाले, "ताई, पर्स राहू द्या जवळ, मागे नऊ किलोंपर्यंत सामान चालतं."

या काढाकाढीत माझा अर्धा तास गेला. आई सकाळी पहिली उडते, तेव्हा हवा झोपलेली असते. माझी पाळी येईतो जमीन तापते, विमान धक्के खायला लागतं, वारा आडवा होतो. कबचा वजनाचा तोल मुख्य चाकांच्या मागे असतो. आडव्या वाऱ्यात उतरलं की शेपूट पुढे जायला बघतं आणि विमान स्वतःभोवती गिरकी घेऊ पाहतं. हे सगळं माझ्या वाट्याला. मग आई उतरली की टाळ्या, आणि मी उतरलो की सर दीर्घ श्वास सोडतात.

बरं, दिसतं तरी काय? कब एकट्याने चालवायचं ते मागच्या सीटवरून, म्हणून शिकणाराही मागेच बसतो आणि सर पुढे. वेग, उंची, ऑइलचा दाब दाखवणाऱ्या सगळ्या तबकड्या सरांच्या पुढ्यात. मला सरांचा शर्ट दिसतो. त्या शर्टाच्या चौकटी मी डोळे मिटून काढू शकेन. आईला विचारलं तर म्हणते, "तबकड्या कशाला हव्यात? उजवीकडचं दार उघडं ठेव. वेग फार घटला की दाराचं खालचं झापड आपोआप वर तरंगतं. मी तेच बघते." हे तिला कुणी सांगितलं? आजोबांनी. मला कुणीच सांगितलं नाही, मी जड आहे ना.

परवा तर हद्द झाली. पेट्रोल काढून, बूट चढवून, मी आत बसून पट्टे आवळले आणि सर बाहेरूनच वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी मोज्याकडे बघून म्हणाले, "आज नको, वारा वाढलाय." आगाऊ भरलेले पैसे पुढच्या वेळी वळते करू म्हणाले. वहीत आजोबांनी माझ्या नावापुढे लिहिलं, "वजन जास्त. उड्डाण नाही." वाऱ्याचा उल्लेखही नाही!

रात्री मी तक्रार अर्ज लिहिला. दर तीन महिन्यांनी सर्वांचं वजन घ्यावं, सर्वांमध्ये प्रशिक्षकही आले, आणि शेऱ्यात खरं कारण लिहावं. आईला सहीसाठी दिला. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

"मी नाही सही करणार. सर चिडले तर माझं एकटीने उडायचं पुढे जाईल."

"आणि माझं?"

"तुझं काय," असं म्हणत तिने पेन उचललं आणि अर्जातला आकडा खोडला. "हे अठ्ठ्याहत्तर कुठून आणलंस? एक्याऐंशी भरलं होतं. मी तिथेच होते, तुझे बूट घेऊन."