पाय टेकतायत तोवर पुढे जा

मे महिना लागला आणि पारा चाळिशीला टेकला, की सुज्ञ माणसाने तरणतलावाच्या नादी लागू नये. एक तर तिथे पैसे पडतात. वर टोपी घाला, आधी अंघोळ करा, आणि खोली किती ते भिंतीवर रंगवूनच ठेवलेलं. खोली आधीच कळल्यावर पोहण्यात राम तो काय? शिवाय काठावर शिट्टी घेऊन एक जण बसलेला असतो आणि तो सारखा आपल्याकडेच बघत असतो. त्यापेक्षा धरण बरं. खडकवासला, पानशेत, पवना, मुळशी, भाटघर. गाडी वळेल तिकडे जावं.

जागा निवडणं सोपं असतं. 'पाण्यात उतरण्यास सक्त मनाई' असा फलक दिसला की गाडी तिथेच लावावी. मनाई आहे म्हणजे जागा नक्कीच चांगली असणार, आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीला खूणही सांगता येते.

तिथे काठावर जाळं विणत बसलेला एखादा म्हातारा हमखास भेटेल. "सायेब, तिकडं नका जाऊ, तिकडं जुनी नदी हाय," असं तो सांगेल. आपण हसून "काका, पोहता येतं आम्हाला" म्हणावं आणि पुढे व्हावं. जुनी नदी म्हणजे काय, असले प्रश्न विचारत बसलात तर सहलीचा विचका होईल. कारण मग तो सांगणार, की धरणाचा तळ कुणी सपाट करून फरशी घातलेला नसतो. पाण्याखाली शेतं असतात, शेतांचे बांध असतात, विहिरी असतात, आणि मधोमध धरण बांधण्याआधी वाहत होती ती नदी, तिच्या उभ्या काठांसकट. मुळशीच्या ज्या जमिनी पाण्याखाली जाऊ नयेत म्हणून सेनापती बापट आणि मावळातले शेतकरी १९२१ ते १९२४ सत्याग्रह करत होते, त्या जमिनी कुठे गेलेल्या नाहीत, तिथेच आहेत, खाली. उजनीत पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि आपण सहकुटुंब फोटो काढायला जातो. एरवी त्या जागी देऊळ बुडेल एवढं पाणी उभं असतं, हा हिशेब फोटो काढताना करू नये.

तर पाण्यात उतरताना एकच नियम पाळा: पाय टेकतायत तोवर पुढे जा. घोट्याएवढं, गुडघ्याएवढं, कमरेएवढं. कमरेएवढ्या पाण्यात वीस पावलं चाललात म्हणजे एकविसावं पाऊलही कमरेएवढ्यातच पडणार, हे उघड आहे. बांध संपतो तिथे पाणी एकदम डोक्यावरून जातं, खालचा गाळ पायाला सोडत नाही, वरचं पाणी कोमट असलं तरी पुरुषभर खाली ते बर्फासारखं लागतं आणि पोटरीत गोळा येतो, या सगळ्या घाबरट लोकांनी उठवलेल्या गोष्टी आहेत.

तुम्हाला पोहता येतं, हे तर आहेच. लहानपणी मामाच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलात, सूर मारलात, मुटके मारलेत. मधल्या काळात पंचवीस वर्षं गेली, पोट सुटलं, जिना चढताना धाप लागते, पण पाण्याला त्याचं काय? पोहणं अंगात भिनलेलं असतं. त्यातून बिअर झाली असेल तर उत्तमच. आधी मटण-भाकरी, मग बिअर, मग पैलतीर गाठायची पैज, हा क्रम बदलू नका. पैज लावताना समोरचा काठ 'हा काय, इथेच' वाटला पाहिजे. नाही वाटला तर अजून एक बाटली उघडावी.

मुलांची सोयही सोपी आहे. बाजारातून बदकाची ट्यूब आणायची, फुगवायची, पोराला त्यात बसवायचं आणि आपण काठावर कांदाभजी खायला मोकळे. काही झालंच तर पोरगं ओरडेलच की! बुडणारा माणूस हात हलवून 'वाचवा वाचवा' करतो, हे आपण लहानपणापासून पडद्यावर बघत आलोय. प्रत्यक्षात त्याचं तोंड पाण्याच्या पातळीवर आलेलं असतं. मिळालेल्या क्षणात श्वास घ्यायचा की ओरडायचं, एवढीच निवड असते, म्हणून तो आवाजही करत नाही. हात वर येत नाहीत, ते पाणी खाली दाबण्यात गुंतलेले असतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, पोरगं खेळतंय. तेव्हा निर्धास्त राहा आणि भज्यांबरोबर तळलेली मिरची मागून घ्या.

आता खरा कसोटीचा प्रसंग. कुणीतरी गटांगळ्या खातंय. इथे मराठी माणसाचं काळीज कामी येतं. गाडीत टोइंगचा दोर असतो, पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार रिकामा झालेला असतो, सतरंजी असते, बायकांच्या ओढण्या असतात. यातलं काही फेकायचं नाही. काठावर आडवं पडून दोर टाकणं, झाकण घट्ट लावलेला रिकामा जार भिरकावणं, यात शौर्य कसलं? कपड्यांसकट उडीच मारायची. बुडणारा आपल्या गळ्याला मिठी मारतो, ती सुटत नाही. मग आपल्याला वाचवायला मेहुणा, मेहुण्याला वाचवायला त्याचा भाऊ. १९ मे २०२२ ला भाटघरच्या पाण्यात एकमेकींच्या नात्यातल्या पाच जणी गेल्या. नात्यातली माणसं एकमेकांना सोडत नाहीत, पाण्यात तर नाहीच नाही. २३ मे २०२४ ला अकोले तालुक्यात सुगावला प्रवरा नदीत बुडालेल्याचा शोध घ्यायला राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उतरली. ती उलटली आणि दलाचे तीन जवान गेले. ती प्रशिक्षण घेतलेली माणसं होती. तुम्हाला तर मामाची विहीर पाठ आहे.

बाहेर काढलेल्या माणसाला पालथा घालावा, पाय धरून गरगर फिरवावा, पोट दाबून पाणी काढावं. गर्दीतला प्रत्येक जण एकेक उपाय सुचवेल, सगळे करून बघावेत. तोंडाने श्वास देणं, छातीवर दाब देणं आणि १०८ ला फोन लावणं हे असलं काही सुचवणारा एखादा आगाऊ पोरगा निघालाच, तर 'तू गप रे' म्हणावं. तसंही फोनला रेंज शोधायला टेकडी चढावी लागते.

धरणाचा कंटाळा आला तर नदी आहे. उन्हाळ्यात पात्र कोरडं, मधे मधे डोह, खडकावर बसून भेळ, मजा असते. वर धरणातून शेतीचं आवर्तन सुटलं असेल आणि तासाभरात पाणी इथे पोहोचणार असेल, तर भोंगा वाजतो किंवा ग्रामपंचायत गावात सांगते. तुम्ही गावातले नाहीत, तेव्हा तुम्हाला लागू नाही. वाळू उपसून झालेले खड्डे पाणी भरल्यावर दिसत नाहीत, त्यामुळे त्यांची काळजी करायचंही कारण उरत नाही.

कोलाडला मात्र चुकूनही जाऊ नका. तिथे भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी पाणी सोडतात, त्यावर कुंडलिकेत भर उन्हाळ्यातही राफ्टिंग चालतं, पण हेल्मेट घाला, जॅकेटचे पट्टे आवळा, वल्हं असं धरा, अशी शाळाच भरते. पैसे देऊन कोण शिस्त विकत घेतं?

त्यापेक्षा आपला नेहमीचा नावाडी बरा. सहा जणांची नाव असेल तर दहा जण बसा, म्हणजे माणशी भाडं कमी पडतं. जॅकेटं फळीखाली दडपलेली असतात, ती ओलसर आणि कुबट असतात, फोटोत नवा शर्ट झाकतात. बसायला घ्यावीत, मऊ लागतात. उजनीत २१ मे २०२४ ला संध्याकाळी अचानक वारा सुटला, कुगावहून कळाशीला जाणारी नाव उलटली आणि सहा माणसं गेली. ती बिचारी नेहमीच्या वाटेने पलीकडे निघालेली माणसं होती. तुम्ही तर हौसेने निघालाय. उन्हं कलताना नावाड्याने आभाळाकडे बघितलं आणि नाव वळवली, तर त्याला विचारा, फेरी अर्धीच झाली, भाडं पूर्ण कसलं घेतोस? पन्नास रुपये तरी परत घेतल्याशिवाय उतरू नका.