त्यापेक्षा म्हस बांध

इंडियानातल्या कोलंबस गावी नवा मराठी माणूस भेटला तर 'कुठे कामाला?' असं कुणी विचारत नाही. 'कुठल्या बिल्डिंगमध्ये?' एवढंच विचारतात. इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचं मुख्यालय इथलं, आणि पुण्याहून इथे येणारी वाट इतकी मळलेली, की गणपतीत आरतीला झांजा कमी पडतात. मीही त्याच वाटेने आलो. दिवसभर ट्रकच्या 15 लिटरच्या डिझेल इंजिनांचे आलेख बघतो. त्यामुळे एका सिलिंडरचा, साडेबारा हॉर्सपॉवरचा मोअर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, मला काय त्रास देणार, अशी माझी समजूत होती.

घराभोवती अर्धा एकर गवत आहे. आमच्याकडे अर्ध्या एकरात माणूस ऊस लावतो आणि साखर कारखान्याच्या निवडणुकीत भाषणं ठोकतो. इथे गवताला पाणी घालायचं, खत घालायचं, आणि वाढलं की कापून टाकायचं. आईला हे कधी पटलंच नाही. व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा अंगण दाखवलं तेव्हाच तिने निकाल दिला, "वाढवायचं आणि कापून फेकायचं? त्यापेक्षा म्हस बांध की!"

म्हशीला सोसायटीची परवानगी नाही. म्हणून मी एका यार्ड सेलमधून, म्हणजे कुणीतरी अंगणात मांडलेल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून, दीडशे डॉलरला जुना, बसून चालवायचा मोअर आणला.

शेजारी एक निवृत्त वेल्डर राहतात. बायकोने त्यांचं नाव 'मिस्त्री' ठेवलंय. अर्थ सांगितल्यावर त्यांना ते इतकं आवडलं, की आता फोनवरही तसंच म्हणवून घेतात. त्यांच्या गराजमध्ये तीन मोअर आहेत आणि एकही गवत कापत नाही. त्या संध्याकाळी ते माझ्या मोअरभोवती दोन चकरा मारून गेले. जनावरांच्या बाजारात खोंड बघतात तसं बघितलं, फक्त दात मोजायचे राहिले. मग म्हणाले, "हा गवतात वाया घालवू नकोस. शर्यतीचा आहे."

त्यांच्या मते मोअरची शर्यत हा जगातला सगळ्यात स्वस्त मोटारस्पोर्ट. 'स्वस्त' हा शब्द कोल्हापूरच्या माणसापुढे जपून वापरावा. त्यांनी तो तीनदा वापरला. बरं, त्यात खोटं काही नव्हतं. 1973 साली इंग्लंडातल्या ससेक्समधल्या विसबरो ग्रीन गावच्या क्रिकेटर्स आर्म्स या पबमध्ये जिम गॅव्हिन आणि मंडळी बसली होती. मोटारींच्या शर्यती आता पैसेवाल्यांच्या झाल्या, आपण कुठे जायचं, अशी रड चालू असताना लक्षात आलं की मोअर तर प्रत्येकाच्याच शेडमध्ये आहे. तेव्हापासून त्यांच्या संघटनेचा दंडक असा, की प्रायोजक नको आणि रोख बक्षीसही नको. आमच्या इंडियानात तर ट्वेल्व्ह माइल नावाच्या खेड्यात त्याच्याही आधीपासून, 1963 पासून, चार जुलैला मोअर पळतात. शर्यतीचं नाव 'ट्वेल्व्ह माइल 500', फेऱ्या 60 आणि अंतर सगळं मिळून 15 मैल. मी अडीच तास गाडी हाकून बघून आलो. तो धुरळा, तो आरडाओरडा, घामेजलेली माणसं बघून मला आमच्याकडच्या बैलगाडी शर्यतीच आठवल्या. त्यांच्यावर 2014 साली बंदी आली आणि 2021च्या डिसेंबरात त्यांना पुन्हा परवानगी मिळाली. मधली वर्षं माझ्या वडिलांनी, आप्पांनी, टीव्हीवर क्रिकेट बघून काढली, पण मन लावून नाही.

घरी येऊन मी बायकोला पटवायला बसलो. सांगितलं, की स्टर्लिंग मॉससारखा फॉर्म्युला वनचा माणूस इंग्लंडातली मोअरची बारा तासांची शर्यत जिंकलाय. ल मांची चोवीस तासांची मोटारशर्यत पाच वेळा जिंकलेला डेरेक बेलही जिंकलाय.

"मग त्यांच्या घरचं गवत कोण कापत होतं?" तिने विचारलं.

शर्यतीचा पहिला नियम म्हणजे पातं काढायचं. त्याशिवाय मैदानात पाऊलच ठेवू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. आम्ही पातं काढलं, त्याच्यावरचा पत्र्याचा डेकही काढला. आईला फोनवर हे सांगितलं तर पलीकडे बराच वेळ शांतता. मग आवाज आला, "गवत कापायच्या यंत्राचं पातं काढलंस?" मागून आप्पा काहीतरी पुटपुटले. त्यात म्हस होती.

दुसऱ्या आठवड्यात गव्हर्नर काढला. मोअरच्या इंजिनात स्प्रिंग आणि दांडीची एक यंत्रणा असते. इंजिनाचे फेरे मिनिटाला 3600 च्या आसपास गेले, की ती कार्बोरेटरचा गळा आवळते. नाव अगदी शोभून दिसतं. आपल्याकडच्या गव्हर्नरासारखाच हाही कुणाच्या नजरेत येत नाही, पण त्याच्या सहीशिवाय कुठलाही उत्साह पुढे सरकत नाही. तो काढल्यावर इंजिनाने जो आवाज केला, तो ऐकून सोसायटीतली दोन कुत्री घरात गेली आणि एक माणूस बाहेर आला.

मग पुल्या. मोअरच्या इंजिनाचा दांडा उभा असतो, त्याच्या तळाशी पुली, आणि तिथून आडवा पट्टा मागच्या गिअरबॉक्सकडे जातो. आमची पुढची पुली 4 इंची आणि मागची 8 इंची होती, म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांना मागे एक. मिस्त्रींनी उलटं करायला सांगितलं. मोठी पुढे, लहान मागे, की एका फेरीला दोन. तेवढ्याच फेऱ्यांत वेग चौपट. ताशी 8 किलोमीटरचं यंत्र 32 वर. पट्ट्याशिवाय काहीही विकत न घेता! मला हे गणित इतकं आवडलं, की मी त्याची दुसरी बाजू केलीच नाही. वेग चौपट म्हणजे ऊर्जा सोळापट. हे मी कॉलेजात शिकलो, नोकरीत रोज वापरतो, आणि नेमकं त्या संध्याकाळी विसरलो. ब्रेक मूळचाच होता. म्हाताऱ्या माणसाला गुलाबाच्या वाफ्याआधी अलगद थांबवण्यापुरता.

मी थांबलो ते मक्याच्या शेतात, सातव्या ओळीत. तेही ब्रेकने नव्हे. मोअरच्या सीटखाली एक स्विच असतो. पातं फिरत असताना कुणी खाली उतरू नये, म्हणून माणूस उठला की इंजिन आपोआप बंद. बांधावरून मी अर्धा फूट उडालो, स्विचला वाटलं मालक उतरले, आणि मी पुन्हा खाली येईपर्यंत इंजिन गप्प झालं होतं. शर्यतीच्या खडबडीत मैदानात हा प्रकार दर दहा फुटांवर होणार, म्हणून तिथे सीटचा स्विच काढून दोरीचा लावतात. दोरीचं एक टोक यंत्राला आणि एक माणसाला. माणूस पडला की दोरी सुटते, इंजिन बंद. मक्यातून उठून आल्यावर मला ही दोरी म्हणजे देवाची करणी वाटली.

खरी खर्चाची वाट दाखवली आप्पांनी, आणि तीही कोल्हापुरात बसून. त्यांची चाळीस वर्षं उद्यमनगरातल्या फौंड्रीत गेली. पुल्या-पट्ट्यांत त्यांना गोडी नव्हती. इंजिनाच्या दांड्यावरच्या जड चाकाबद्दल त्यांनी एकच विचारलं, "फ्लायव्हील कशाचं आहे?"

"ओतीव लोखंडाचं. बिडाचं."

"आणि फेरे किती करतोयस?"

"दुप्पट."

"मग लेका, चालू असताना त्याच्या रेषेत उभा राहू नकोस."

फेरे दुप्पट झाले की चाकावरचा ताण चौपट होतो, आणि बीड वाकत नाही, फुटतं. पिस्टनला दांड्याशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचंही तेच. 3600 फेऱ्यांसाठी ओतलेला ॲल्युमिनियमचा रॉड 7000 वर तुटला, तर इंजिनाला आतून खिडकी पाडून बाहेरची हवा बघायला येतो. मिस्त्रींना आप्पांचं म्हणणं भाषांतर करून सांगितलं, तर त्यांनी टोपी काढली. ते हेच बोलणार होते म्हणे, फक्त मी आधी मोअरमध्ये गुंतायची वाट बघत होते. अखंड ठोकळ्यातून कापलेलं फ्लायव्हील आणि तसाच रॉड, दोन्ही मिळून मोअरच्या तिप्पट किमतीला आले. मग डिस्क ब्रेक. मग खाली बसवलेला पुढचा ॲक्सल, कारण वेगात वळताना उंच मोअर उलटतो. मग हेल्मेट, मानेचा पट्टा, पूर्ण बाह्यांचं जाकीट. बायकोने फ्रिजवर एक कागद चिकटवला. वर मथळा, 'स्वस्त'. खाली आकडे.

एव्हाना जून उजाडला होता आणि गवत पोटरीला लागत होतं. सोसायटीचं पत्र आलं. आठ इंचांच्या वर गवत चालत नाही, दहा दिवसांत कापा. मी बायकोचं लक्ष वळवावं म्हणून होंडाची गोष्ट सांगितली. 2019 साली त्यांच्या मोअरने, 1000 सीसीचं मोटरसायकलचं इंजिन बसवून, ताशी 100 मैलांचा वेग 6.285 सेकंदांत गाठला. विक्रमाची अट अशी, की यंत्राने गवतही कापून दाखवलं पाहिजे.

"म्हणजे जगातला सगळ्यात वेगवान मोअर गवत कापतो," ती म्हणाली, "आणि आपला कापत नाही."

असली गोष्ट सांगण्याआधी माणसाने तिचा शेवट आठवून बघावा.

शर्यत काउंटी फेअरमध्ये, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या जत्रेत, होती. आदल्या आठवड्यात आम्ही घड्याळ लावून चाचणी घेतली. सगळं नवं बसवूनही मोअर वळणातून बाहेर पडताना दमत होता. मिस्त्रींनी कार्बोरेटर बघितला, पट्टा बघितला, टायरमधली हवा बघितली. शेवटी माझ्याकडे बघितलं.

"तुझं वजन किती?"

"94 किलो."

साडेबारा घोड्यांच्या यंत्राला हा आकडा काय असतो हे मलाही कळत होतं. मिस्त्री हळूच वळून फ्रिजच्या कागदावर काहीतरी लिहिणाऱ्या बायकोकडे बघू लागले. तिचं वजन 54. चाळीस किलोंची बचत, आणि एक पैसा खर्च नाही. या सगळ्या उद्योगात खरोखर स्वस्त निघालेला एवढा एकच फेरफार.

अकरा मोअर होते. ती तिसरी आली. वळणावर आतल्या बाजूला अशी झुकत होती, की माझ्याशेजारचा एक गृहस्थ 'ही कुठे शिकली?' असं विचारत होता. पुण्यात लक्ष्मी रोडला स्कूटर चालवायची, हे त्याला समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. मी दोन्ही हातांत पान्यांची पेटी धरून उभा होतो. तिकडे कोल्हापुरात पहाट व्हायची होती, पण आप्पा फोनवर जागे होते. शेवटच्या फेरीला त्यांनी 'भिर्रर्र' अशी जी आरोळी ठोकली, ती माझ्या खिशातून बाहेर आली आणि पुढच्या रांगेतल्या आजीबाईंनी मागे वळून माझ्या पँटकडे बघितलं. रोख बक्षीस नव्हतंच. बायकोने कागदावर नोंद केली, 'जमा: प्लास्टिकचा कप, 1.'

सोसायटीच्या मुदतीचे दोन दिवस उरले होते. मी दुकानातून ढकलायचा मोअर आणला. साधा, पातं असलेला. रविवारी दुपारी अर्ध्या एकरात तो ढकलत होतो, तर मिस्त्री लिंबू सरबताचा ग्लास घेऊन आले. त्यांनी मोअरभोवती एक चकर मारली. मग दुसरी. मी आडवा उभा राहिलो.

"इंजिन बरं आहे," ते म्हणाले. "इंग्लंडात पूर्वी एक गट असायचा. त्यात मोअरवर बसायचं नसायचं, मागून पळायचं असायचं. तुझं वजनही उतरेल. आणि स्वस्त."