‘अनामित’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

नमस्कार अनामित,

नाव टाकलं नाहीत म्हणून हेच म्हणतो. बाकीच्यांसाठी, माझ्या सायकलच्या पंक्चरवाल्या पोस्टखाली यांनी लिहिलंय: "दोन महिन्यात सहा पंक्चर हा रस्त्याचा नाही, तुमचा दोष. अंगठ्याने दाबून हवा बघणाऱ्यांनी रोड बाईकवर लिहू नये. टायर आतून चाचपा, रिम टेप बघा, भोक ट्यूबच्या कुठल्या बाजूला होतं ते सांगा. आणि 23 चा टायर फोटोत 25 कसा झाला?" (रोड बाईक म्हणजे पातळ टायरची वेगात पळणारी सायकल, 23-25 ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी, आणि रिम टेप म्हणजे रिममधली स्पोकची भोकं झाकणारी, ट्यूबखालची पट्टी.)

तर आधी शेवटचं. टायर 25 चाच आहे, लिहिताना चुकलो, दुरुस्त केलंय. धन्यवाद.

आता ते "लिहू नये". कुणी लिहावं नि कुणी नाही हे तुम्ही कधीपासून ठरवायला लागलात? आमच्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं साहेब. सातवीत असल्यापासून शाळेतून आलो की दप्तर टाकून घमेल्यासमोर बसायचो, ट्यूब पाण्यात फिरवायची, बुडबुडा आला की तिथे बोट, मग पुसून पॉलिश पेपरने घासायचं, सोल्युशन लावून ते सुकेपर्यंत फुंकर मारत थांबायचं (घाई केली की टपली बसायची). वॉल्व्ह लीक आहे का ते थुंकी लावून बघायचो. आणि हवा? वडील टायरवर अंगठा दाबायचे आणि सांगायचे, अजून चार हात मार. कधी चुकले नाहीत. त्यामुळे अंगठ्याला नावं ठेवताना जरा जपून.

हां, त्या काळ्या अठ्ठावीस इंची टायरांना चाळीस-पन्नास पीएसआय दाबाची हवा पुरायची आणि माझ्या टायरला नव्वदच्या आसपास लागते, आणि साठ काय नव्वद काय अंगठ्याला दोन्ही दगडच लागतात, हे मला कळत नाही असं वाटलं का तुम्हाला? गेजवाला फ्लोअर पंप आहे माझ्याकडे. दर वेळी माळ्यावरून काढणं होत नाही, पण आहे. सहापैकी दोन ट्यूबना साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं होती, म्हणजे हवा कमी असताना खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली, हे मी स्वतःच पोस्टमध्ये लिहिलंय की! पण कात्रजच्या अलीकडचा तो खड्डा तुम्ही बघितला असतात तर टायरमध्ये दीडशे भरूनही उपयोग झाला नसता हे तुम्हालाही पटलं असतं.

"टायर चाचपा" म्हणे. चाचपला. सातारा रस्त्याच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरांची लक्तरं पडलेली असतात, त्यातली तार, केसापेक्षा थोडीशी जाड, टायरच्या आत जेमतेम अर्धा मिलिमीटर डोकावत होती. बोटाला लागली नाही, कापसाचा बोळा आतून फिरवला तेव्हा धागा अडकला. टायरवरचं नाव वॉल्व्हसमोर येईल असा टायर मी नेहमी बसवतो, त्यामुळे ट्यूबचं भोक टायरच्या नेमक्या जागेशी जुळवता आलं. हे सगळं येतं आम्हाला. त्याच तारेने आधी दोन ट्यूब घालवल्या होत्या ही गोष्ट वेगळी, तेव्हा अंधार पडला होता आणि ऑफिसला उशीर झाल्यासारखीच घाई होती घरी जायची.

म्हणजे दोन खड्ड्याची, तीन तारेची. राहिलं एक. त्या सहाव्या ट्यूबचं भोक आतल्या बाजूला होतं, रिमच्या बाजूला, पण एका ट्यूबवरून काय ठरवायचं? रिम टेप सायकलबरोबर लागून आलीय, पाच वर्षं कधी त्रास दिला नाही. तुमच्या सांगण्यावरून काल काढून बघितली, एका स्पोकच्या भोकावरून किंचित सरकलीय आणि भोकाची धार नखाला लागते. किंचितच.

मुद्दा टेपचा नाहीये, बोलण्याच्या पद्धतीचा आहे. हेच "अहो, एकदा टेप बघून घ्या" असं लिहिता आलं असतं.

पुढच्या वेळी नाव टाकून लिहा. आणि लिहिणारच असाल तर माझ्या रिमला टेप 16 मिलिमीटर रुंदीची घ्यायची की 18 ची तेवढं सांगा, रविवारी सिंहगडला जायचंय.