‘ॲपवर बघा, सरपंचाने किती खाल्ले’

महिनाभर गावच्या ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय : ‘तुमच्या ग्रामपंचायतीला केंद्राकडून किती लाख आले ते ई-ग्रामस्वराजवर बघा. काम दिसत नसेल तर सरपंचाने खाल्ले. ग्रामसभेत विचारून काही होत नाही. हिशेब मिळेपर्यंत घरपट्टी भरू नका.’ यातला राग खरा आहे, मलाही येतो. पण ज्याला खरंच खायचंय, त्याच्या हा मेसेज पथ्यावर पडतो.

आधी आकडा. ई-ग्रामस्वराज या ग्रामपंचायतींच्या हिशेबाच्या सरकारी पोर्टलवर आराखडा वेगळा, जमा वेगळी, खर्च वेगळा. आमच्या ग्रुपवर आलेला स्क्रीनशॉट आराखड्याचा होता. आराखडा म्हणजे लग्नाआधी केलेली याद. बस्त्याला किती गेले ते त्यात सापडत नाही. जमा रकमेतही पंधराव्या वित्त आयोगाचा २०२१ ते २०२६ चा ६० टक्के निधी बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायचा : त्यातला निम्मा पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. वाडीचा रस्ता चिखलात आणि पैसे गटाराला का गेले, याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं. घोटाळा शोधायचा तर तो गटार झालं का आणि किती झालं, तिथे शोधावा.

‘सरपंचाने खाल्ले.’ एकट्याने? या निधीचं पेमेंट सरपंच आणि ग्रामसेवक (आता म्हणायचं ग्रामपंचायत अधिकारी) या दोघांच्या डिजिटल सहीशिवाय सुटत नाही. काम किती झालं ते अभियंता मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत, लिहितो. सगळं खापर एकाच्या डोक्यावर फोडलं की उरलेले दोघं हात झटकून मोकळे.

‘ग्रामसभेत विचारून काही होत नाही’ हे मात्र मी ऐकून घेणार नाही. वर्षाला किमान चार ग्रामसभा कायद्यानेच घ्याव्या लागतात, गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० यांतली कमी असेल ती. आमच्याकडे १५ ऑगस्टला झेंडावंदन, जिलेबी आणि मग ओट्यावर पंधरा-वीस टाळकी. बाकीच्या सह्या नंतर घरोघरी फिरून. आपण गेलो नाही, हेही लिहायला हवं ना?

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत पेव्हर ब्लॉक बसले. शेजारच्या अण्णांच्या दारातला एक ब्लॉक महिन्यातच हलायला लागला. अण्णांनी तो उपटला, पट्टी लावली : ६० मिलीमीटर. ब्लॉक फडक्यात गुंडाळून ते ग्रामसभेत आले, टेबलावर ठेवला आणि एवढंच विचारलं, ‘एमबीत जाडी किती लिहिलीय?’ उत्तर आलं, ‘दप्तर तालुक्याला आहे.’ मग माहिती अधिकाराचा अर्ज : १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत, झेरॉक्सला पानाला २ रुपये. कागद आला, त्यात ८०. याच कायद्यात चालू कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना मागायचा हक्कही आहे, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. नाहीतर अण्णांचं दार वाचलं असतं. ठेकेदाराच्या शेवटच्या बिलातून फरक कापला गेला. निलंबित कुणी झालं नाही.

आणि खाण्यापेक्षा मला वाटणीचा प्रश्न मोठा वाटतो. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च व्हायला हवेत. पुढच्या सभेत हे तीन आकडे विचारा, आणि कुठल्या वस्तीत गेले तेही. लाखांचे स्क्रीनशॉट टाकणाऱ्यांनी हे तीन आकडे विचारलेले मी अजून पाहिलेले नाहीत.

हे स्वतःचं उत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी. ती थांबवली की पहिला फटका याच तीन खात्यांना. शिवाय बिल हातात पडल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही, तर माणूस ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायला अपात्र ठरतो. मागच्या वेळी पॅनल पाडायला निघालेल्या आमच्या एका भाऊंचा अर्ज छाननीत नेमका थकबाकीवरच उडाला. आमच्या ग्रुपवर हा मेसेज पहिल्यांदा त्यांनीच टाकला.