‘बाळंतपण झालं, शुगर गेली’ : त्या मेसेजला उत्तर

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: ‘गरोदरपणातली शुगर बाळाबरोबर जाते, नंतरच्या तपासण्या हा लॅबवाल्यांचा धंदा. गुळाचे लाडू बाधत नाहीत. भात-पोळी सोडून अंडी-मटण खा, मधुमेह जन्मात होणार नाही. आणि बाळाला अंगावर पाजा.’ मला दुसऱ्या खेपेला शुगर निघाली होती, त्यामुळे गप्प बसवेना.

‘शुगर जाते.’ बहुतेकींची जाते, हे खरंच. वारेतून (प्लॅसेंटातून) येणाऱ्या हार्मोन्समुळे इन्सुलिनचं काम अडतं; वार पडली की तो ताण उतरतो. पण त्या ताणाखाली इन्सुलिन बनवणारा जो स्वादुपिंड कमी पडला, तो तोच राहतो. २०२० साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर अशा बायकांना पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांच्या जवळजवळ दहापट निघाला. म्हणून बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पिऊन तपासणी करायची, आणि ती चांगली आली तरी दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा, जन्मभर. आपल्याकडे नेमकी इथेच गाडी चुकते. बाळाच्या लसीची तारीख घरातल्या सगळ्यांना पाठ असते, आईच्या तपासणीची कुणालाच नसते.

‘गूळ बाधत नाही.’ गुळात बहुतांश साखरच असते. सासूबाईंच्या डिंकाच्या लाडवांवर माझा राग नाही. अळीव, डिंक, खोबरं राहू दे. गूळ कमी करा आणि लाडू लहान वळा. रोज दोन मोठे लाडू, वर साजूक तुपातला शिरा, असं सव्वा महिना चालतं आणि मग तीच सवय वर्षभर टिकते, अडचण तिथे आहे.

‘भात-पोळी सोडा, अंडी-मटण खा.’ हा मुद्दा सगळ्यात फसवा, कारण ऐकायला तो शास्त्रीय वाटतो. अमेरिकेतल्या परिचारिकांचा एक मोठा, अनेक वर्षांचा अभ्यास आहे. त्यातल्या गरोदरपणात मधुमेह झालेल्या बायकांमध्ये कर्बोदकं कमी करून प्राण्यांपासूनची प्रथिनं आणि चरबी वाढवणाऱ्यांना मधुमेहाचा धोका जास्त दिसला, असं २०१६ मध्ये छापून आलं. वनस्पतीजन्य पदार्थांनी ती जागा भरणाऱ्यांमध्ये तसं दिसलं नाही. त्याआधी २०१२ मध्ये त्याच अभ्यासातल्या ४,४१३ बायकांच्या आहाराची पाहणी झाली होती. अख्खी धान्यं, कडधान्यं, भाज्या, फळं, दाणे जास्त आणि लाल मांस, गोड पेयं कमी, अशा आहाराच्या बायकांचा धोका, आहार मोजण्याच्या पद्धतीनुसार, ४० ते ५७ टक्के कमी आढळला. ही निरीक्षणं आहेत, खात्रीचा दाखला नव्हे. शिवाय तिकडचं ताट आपलं नाही. पण ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी हे त्याच वळणाचं जेवण आहे. भात बंद नको, वाटीभर घ्या. माझं स्वतःचं घोडं अडतं ते संध्याकाळी स्टेशनबाहेर, वडापाव आणि दोन चमचे साखरेच्या चहापाशी.

‘जन्मात होणार नाही’ असं तर कुणीच म्हणू शकत नाही. भारत, बांगलादेश आणि श्रीलंकेतल्या बाळंतिणींवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत (निकाल २०२२) आहार-व्यायामाचा सल्ला देऊनही साधारण वर्षभराने म्हणावा असा फरक पडला नाही. तान्हं बाळ सांभाळताना तो पाळणं किती अवघड, हे मी जाणते.

अंगावर पाजण्याचा मुद्दा मात्र बरोबर. पाजणाऱ्या आयांमध्ये पुढे मधुमेह कमी आढळतो. तेवढी एक ओळ ठेवून मी तो मेसेज ग्रुपवर परत टाकला आहे, खाली तपासणीची वेळ लिहून.