रापणीला युनेस्को कशाला हवंय?

जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्ग, विजयदुर्ग धरून १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले आणि तेव्हापासून आमच्या मालवणवाल्यांच्यात नवीन टूम निघालीय, की आता रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने मोठं जाळं ओढायच्या आपल्या जुन्या मासेमारीला, पण युनेस्कोचा वारशाचा टॅग मिळवूया. पुरावा म्हणून बेल्जियममधल्या ओस्टडाउनकर्केचे फोटो फिरतात, तिथल्या घोड्यावरून सुंगटं (कोळंबी) पकडायच्या पद्धतीला युनेस्कोचा टॅग आहे: पिवळे रेनकोट घातलेले मच्छीमार, दांडगे घोडे, मागे जाळं. मी बेल्जियममध्ये राहते म्हटल्यावर "तू सांग गो" सुरू होतं.

तर सांगते. कॉक्सेइडे ही फ्लेमिश किनाऱ्यावरची छोटी नगरपालिका, ओस्टडाउनकर्के त्यातलंच एक गाव. ओहोटी लागली की ब्राबांट जातीचे घोडे छातीभर पाण्यात उतरून किनाऱ्याला समांतर चालत राहतात, मागे नरसाळ्यासारखं जाळं, त्याचं तोंड उघडं राहावं म्हणून दोन बाजूंना लाकडी फळ्या, आणि वाळूवरून घासत जाणारी एक साखळी, जिच्या थरथरीने सुंगटं घाबरून वर उडी मारतात आणि सरळ जाळ्यात जातात. काय डोकं चालवलंय ना! सुंगटं आपल्यासारखी नाहीत हां, अगदी बारकी करडी. पकडलेली घोड्याच्या दोन्ही अंगांना लटकवलेल्या टोपल्यांत. कोणाच्या घरात जाळं विणायची कला, कोणाच्या घरात घोड्यांची जाण, आणि हे सगळं नवीन पोरांना शिकवतात. २०१३ साली युनेस्कोने नोंद केली तेव्हा अशी घरं डझनभरच होती.

बघायला खूप भारी वाटतं, खोटं कशाला बोलू. पण यावर कोणाचं पोट चालत नाही. बाकी कामधंदा सांभाळून, हौसेने आणि अभिमानाने करतात. बाजारातली सुंगटं बोटी आणतात आणि त्यातली कितीतरी सोलायला चक्क मोरोक्कोला जाऊन परत येतात! म्हणजे धंदा संपला, मग उरलेलं त्यांनी वारसा म्हणून जपलं, आणि छान जपलं, मासेमारीचं म्युझियम आहे, जूनमध्ये सुंगटांचा उत्सव असतो.

आपली रापण अजून संपलेली नाहीये. दोन्ही बाजूंनी दोर ओढणारी माणसं आहेत, वाट्याचा हिशोब आहे, त्या वाट्यावर घरं चालतात. तिला आत्ताच वारशाच्या कपाटात ठेवायची घाई कोणाला झालीय? मला तरी यात हॉटेलवाल्यांचा आणि फोटोवाल्यांचा उत्साह जास्त दिसतो, रापणकरांनी टॅग मागितलेला मी ऐकलेला नाही. ते काय मागतात ते मालवणात सगळ्यांना पाठ आहे: पर्ससीन (मोठ्या जाळ्याने माशांचा अख्खा थवा वेढणाऱ्या बोटी) आवरा, एलईडी (रात्री प्रखर दिवे लावून मासे गोळा करणं) बंद करा, हायस्पीड ट्रॉलर अडवा. पर्ससीनवर २०१६ मध्ये राज्याने निर्बंध घातले, एलईडीवर २०१७ मध्ये केंद्राने बंदी आणली, २०२१ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त करून दंड वाढवला. कागद भरपूर आहेत. रात्री समुद्रात उजेड दिसतोच.

इथल्या नगरपालिकेकडून शिकायचंच असेल तर हे शिका की ती घोडेवाल्यांना नुसता सत्कार करून सोडत नाही, त्यांच्या कामाच्या मागे उभी राहते. आपल्याकडे त्याचा अर्थ गस्तीनौका, तिला डिझेल, आणि पकडलेली बोट दुसऱ्या दिवशी फोनवर न सुटणं. हे झाल्यावर युनेस्कोचा अर्ज मी स्वतः भरून देते, फॉर्म भरायची इथे चांगली सवय झालीय.