"सगळं पिकल करा" म्हणणाऱ्यांना उत्तर

पायथन शिकणाऱ्या पोरापोरींच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फॉरवर्ड होतोय, तुम्हालाही आला असेल. म्हणणं असं की नम्पायचा (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) ॲरे, म्हणजे आकड्यांचा तक्ता, फाइलमध्ये ठेवायचा तर डोकं लावू नका, पिकल करा (पायथनमधली कुठलीही वस्तू फाइलमध्ये साठवायची सोय), ते सगळ्यात फास्ट आणि सेफ. घाई असेल तर टूफाइल, म्हणजे नुसते कच्चे बाइट फाइलमध्ये ओतणारं फंक्शन. कोणाला पाठवायचा असेल तर सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आकडे असलेली साधी टेक्स्ट फाइल), त्यात काहीच हरवत नाही. आणि साइज कमी हवी तर सेव्हझेड, तो कॉम्प्रेस करतो. चार सल्ले, आणि एकही धड नाही.

आधी पिकल. फास्ट म्हणाल तर साध्या आकड्यांच्या ॲरेसाठी नम्पायचं स्वतःचं सेव्ह मेमरीतले बाइट जसेच्या तसे फाइलमध्ये टाकतं, पिकलही शेवटी तेच करतं, मग त्यात पिकल जिंकणार कुठून? आणि सेफ तर अजिबातच नाही. पिकलच्या फाइलमध्ये नुसता डेटा नसतो, वाचताना कुठलं फंक्शन बोलवायचं याच्या सूचना पण असतात, त्यात कोणी सिस्टिम कमांड घुसवली की लोड करताक्षणी ती तुमच्या मशीनवर चालणार, ॲरे हातात यायच्या आधीच. पायथनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हा इशारा चांगला ठळक दिलाय. याच कारणाने २०१९ मध्ये नम्पाय १.१६.३ पासून लोडमधलं 'अलाऊ पिकल' (पिकल वाचायची परवानगी) डीफॉल्टला बंद केलं. आणि आपली जनता काय करते, ऑब्जेक्ट ॲरेचा (नुसत्या आकड्यांऐवजी कुठल्याही पायथन वस्तू ठेवणाऱ्या ॲरेचा) एरर आला की तिथे ट्रू लिहून मोकळी! अरे पण ॲरे ऑब्जेक्ट टाइपचा झालाच कसा ते बघा ना आधी, बऱ्याचदा पांडास या लायब्ररीच्या टेबलमधून नावं आणि आकडे एकत्र उचललेले असतात, ते वेगळे करून नावांना स्ट्रिंग टाइप दिला की एररही जातो आणि पिकलही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "माझी फाइल मीच वाचतो, मला कसली भीती?" ठीक आहे, पण २०२४ मध्ये नम्पाय २.० आलं, त्यात आतल्या कोअर मॉड्यूलचं नाव बदललं, आणि आता नव्या व्हर्जनवर केलेलं पिकल १.२४ असलेल्या मशीनवर उघडलं की "असं मॉड्यूलच नाही" म्हणून बोंब. तोच आकड्यांचा ॲरे नम्पायच्या सेव्हने केलेल्या एनपीवाय फाइलमध्ये असता तर गुपचूप उघडला असता, कारण त्या फाइलच्या सुरुवातीला साध्या टेक्स्टमध्ये टाइप, शेप (कुठल्या दिशेला किती आकडे) आणि क्रम लिहिलेला असतो आणि पुढे नुसते बाइट, कुठल्या मॉड्यूलचं नावगाव काही नाही.

टूफाइलचा सल्ला मला जास्त डेंजर वाटतो, कारण तिथे एरर पण येत नाही. पुण्याच्या आयएमडीचा (भारतीय हवामान विभाग) पावसाचा पाव डिग्रीचा ग्रिड डेटा ज्यांनी वापरलाय त्यांना लगेच कळेल. टूफाइल बनवतं तशीच त्याची वर्षाची बायनरी फाइल म्हणजे सलग फ्लोट३२ (प्रत्येकी ४ बाइटचे) आकडे, हेडर वगैरे काही नाही, १३५ रेखांश, १२९ अक्षांश, ३६५ दिवस, म्हणजे २,५४,२५,९०० बाइट. ती वाचणाऱ्या फ्रॉमफाइलला टाइप सांगायला विसरलात तर ते फ्लोट६४ (८ बाइटचे) धरून निम्मेच आकडे देतं, तेही सगळे भंगार, आणि तोंडातून शब्द नाही. नशीब की पुढे रीशेप, म्हणजे सलग आकड्यांना शेप देणं, अडतं. पण शेप द्यायचा ३६५, १२९, १३५ असा आणि तुम्ही १२९ आणि १३५ ची अदलाबदल केलीत तर एकूण आकडे तेवढेच, रीशेप खुशाल चालतं आणि पाऊस नकाशावर भलतीकडेच पडतो. जिथे डेटा नाही तिथे -९९९ भरलेलं असतं, ते न काढता सरासरी काढलीत तर विचारूच नका. आयएमडी निदान ही माहिती सोबत देतं (आणि नेटसीडीएफमध्येही, म्हणजे ही माहिती फाइलमध्येच असणाऱ्या फॉरमॅटमध्ये, डेटा देतं, तोच घ्या), तुम्ही गेल्या वर्षी टूफाइल करून ठेवलेल्या फाइलचा शेप आज कोण सांगणार?

सीएसव्हीबद्दल अर्धं मान्य. टेक्स्ट फाइल लिहिणारं नम्पायचं सेव्हटेक्स्ट डीफॉल्टला दशांशानंतर १८ आकडे लिहितं, त्यामुळे फ्लोट६४ शाबूत परत येतो. पण फाइल सुंदर दिसावी म्हणून कोणी दोनच दशांश ठेवतं, मग संपलं. शिवाय इंटिजर (पूर्ण आकडे) ठेवलेत तरी ती फाइल वाचणारं लोडटेक्स्ट डीफॉल्टला फ्लोट (दशांशाचे आकडे) देतं, तीन मितींचा ॲरे तर सेव्हटेक्स्ट घेतच नाही, आणि १० लाख फ्लोट६४ जे एनपीवायमध्ये ८० लाख बाइटच्या आसपास बसतात ते इथे कमीत कमी अडीच कोटी खातात. एक्सेलवाल्या माणसाला छोटं टेबल द्यायचंय तर जरूर सीएसव्ही द्या.

सेव्हझेडचं एका वाक्यात सांगतो, तो कॉम्प्रेस करत नाही, फक्त झिपमध्ये गठ्ठा बांधतो, कॉम्प्रेस करणारं फंक्शन सेव्हझेड-कम्प्रेस्ड हे वेगळं आहे.

आणि फाइल रॅमपेक्षा मोठी असेल तर एकच ॲरे साध्या एनपीवायमध्ये ठेवा, लोड करताना एममॅप मोडला 'आर' द्या, मग जेवढा तुकडा लागेल तेवढाच डिस्कवरून येतो. एनपीझेडवर, म्हणजे सेव्हझेडच्या फाइलवर, हे चालत नाही बरं का, तिथे तो ऑप्शन दिलात तरी नम्पाय काही न बोलता दुर्लक्ष करतं आणि ॲरे मागितला की अख्खा रॅममध्ये आणतं.